छिन्नी लागणार आहे का?

मावशीच्या ओट्यापाशी एक पाट कायम असायचा. स्वयंपाकाला उभी राहिली की ती आधी पायाने तो पाट पुढे ओढायची, त्यावर चढायची आणि मग भाकरी थापायला घ्यायची. तिची उंची 4 फूट 11 इंच आणि बिल्डरने बांधून दिलेला ओटा 34 इंच. ठाण्यातल्या त्या तीन मजली जुन्या इमारतीत ती तीस-पस्तीस वर्षं रोज पाटावर चढली-उतरली. त्यात काही वावगं आहे असं घरात कुणालाही वाटलं नाही. मलाही नाही.

निवृत्तीनंतर तिने घर एकदा नीट करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिच्या टेबलावर दोन कार्डं आली होती. एकावर ‘इंटिरिअर डेकोरेटर’, दुसऱ्यावर ‘इंटिरिअर डिझायनर’. मावशीने दोन्ही माझ्यापुढे सरकवली. “दोघंही म्हणतात सगळं करून देतो. कपाटं, पडदे, रंग, स्वयंपाकघर. एकाचे पैसे जास्त आहेत. ते कशाचे, एवढंच मला सांग.”

मी तेव्हा दिलेलं उत्तर अर्धवट होतं. डेकोरेटर सजवतो, डिझायनर रचना करतो, असं काहीतरी मी सांगितलं आणि त्याने तिचं काहीच भागलं नाही. पुढचे चार महिने मी त्या घरात धूळ खात उभी होते. त्यानंतर जे समजलं ते इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी कायद्याचं, कारण तिथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद आपल्याकडे 1972च्या वास्तुविशारद कायद्याने राखलेलं आहे. मान्यताप्राप्त पदवी आणि वास्तुकला परिषदेकडची नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. 2020मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की हा कायदा ते नाव राखतो. आराखडे काढण्याचं काम इतर कुणी करूच नये असं तो म्हणत नाही. ‘इंटिरिअर डिझायनर’ या नावाला मात्र तेवढंही संरक्षण नाही. त्याच 1972 साली इंटिरिअर डिझायनर मंडळींची ‘इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरिअर डिझायनर्स’ ही संस्था स्थापन झाली, पण ती व्यावसायिकांची संघटना आहे, परवाना देणारं सरकारी खातं नव्हे. म्हणजे सहा महिन्यांचा वर्ग केलेला, पाच वर्षांची पदवी घेतलेला आणि कसलंच शिक्षण नसलेला, असे तिघेही एकच शब्द कार्डावर छापू शकतात. उलटही घडतं. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या अभ्यासक्रमाचं नाव वर्षानुवर्षं ‘इंटिरिअर डेकोरेशन’ असंच राहिलं, आणि तिथून शिकून बाहेर पडलेले कित्येक जण उत्तम डिझायनर म्हणून काम करतात. त्यामुळे कार्डावरच्या शब्दावर विसंबू नये. माणूस काय करतो ते विचारावं.

डेकोरेटरचा व्यवसाय वयाने मोठा. न्यूयॉर्कमध्ये एल्सी डी वुल्फ नावाची एक अभिनेत्री रंगभूमी सोडून घरं सजवायच्या कामात आली. 1907मध्ये उघडलेल्या तिथल्या कॉलनी क्लब या स्त्रियांच्या क्लबची अंतर्गत सजावट तिने केली, आणि त्या कामाने तिचं नाव झालं. त्या काळच्या श्रीमंत घरांत गडद लाकूड, जाड मखमली पडदे आणि वस्तूंची गर्दी असायची. तिने ते सगळं हलकं केलं. फिके रंग आले, खिडक्या मोकळ्या झाल्या आणि फुलाफुलांचं छापील सुती कापड आलं. त्या कापडाचं ‘चिंट्झ’ हे इंग्रजी नाव आपल्याच चिटाच्या कापडावरून गेलेलं. क्लबची इमारत बांधली वास्तुविशारदाने. तिने भिंतींना हात न लावता आतलं वातावरण पालटून टाकलं. डेकोरेटर या व्यवसायाची ताकद तिथून आजवर तीच आहे.

दुसरी वाट पुढे 1940च्या दशकात रुळली. अमेरिकेतच फ्लॉरेन्स नोल हिने कार्यालयांच्या आतल्या रचनेचं काम हाती घेतलं. ती शिक्षणाने वास्तुविशारद. टेबल कुठलं घ्यायचं हे ठरवण्याआधी तिथे बसणारी माणसं दिवसभर काय करतात, कुणाला कुणाशी बोलावं लागतं, कागद कुठून कुठे जातात, याचा अभ्यास तिची मंडळी करत. खुर्ची आणि रंग शेवटी. आपल्याला डेकोरेटर म्हटलेलं तिला आवडत नसे, आणि यात मला घमेंड दिसत नाही. काम खरंच वेगळं होतं.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येते. तिला मी अखेर एक साधं काम सांगितलं. वही घे, प्रत्येक खोलीत जा, तुला काय काय हवंय ते लिही, आणि प्रत्येक ओळीपुढे एवढंच टीप, की यासाठी खिळा लागेल की छिन्नी. पडदे, रंग, चित्रं, सोफ्याचं कापड, दिव्याची शेड, गालिचा, फर्निचरची जागा बदलणं, हे सगळं खिळ्याचं काम. भिंत काढणं, ओटा बदलणं, बाथरूमच्या फरशा, नवे पॉइंट, नळाची जागा, बाल्कनी खोलीत घेणं हे छिन्नीचं. वहीत नुसते खिळे असतील तर चांगला डेकोरेटर पुरतो आणि तोच घ्यावा. छिन्नी एकदा जरी आली तरी भिंतीच्या आत काय आहे हे कळणारा माणूस लागतो. मावशीच्या वहीत खिळे अकरा होते आणि छिन्न्या पाच.

त्या पाचांतली पहिली होती हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत. मावशीला ती नको होती. पहिल्याच भेटीत कार्डवाल्या डेकोरेटरने “काढून टाकू, दोन दिवसांचं काम” असं सांगितलं. दुसऱ्या कार्डवाल्या डिझायनर बाई आल्या, त्यांनी आधी टेप लावली. दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजली. प्लॅस्टर धरून ती दहा इंचांच्या आसपास भरली, म्हणजे आत 9 इंचांचं विटांचं बांधकाम. मग त्या खालच्या मजल्यावर गेल्या आणि तिथेही नेमकी त्याच जागी भिंत आहे का ते पाहून आल्या. होती. त्या म्हणाल्या, “काकू, ही भिंत तुमच्या एकटीच्या मालकीची नाही. वरचं सगळं ओझं हिच्यावर बसलंय.”

महाराष्ट्रातल्या शहरांत हा फरक समजणं फार गरजेचं आहे. जुन्या दोन-तीन मजली इमारतींपैकी बऱ्याच ‘लोड बेअरिंग’ आहेत. त्यांत स्लॅबचं ओझं जाड विटांच्या भिंती पेलतात, म्हणून तिथे भिंत काढणं म्हणजे खांब काढणंच. त्यानंतरच्या बहुतेक इमारती काँक्रीटच्या खांब-तुळयांच्या सांगाड्यावर उभ्या असतात. त्यांतली 4 इंची पार्टिशनची भिंत ओझं पेलत नाही, ती काढता येते. पण खांबाला किंवा तुळईला छिन्नी लावणं, पाइपसाठी तिच्यात भोक पाडणं, हे अजिबात करायचं नाही. आणि अलीकडच्या पुण्या-मुंबईतल्या उंच टॉवरमध्ये तिसराच प्रकार आहे. अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटने ओततात. साइटवर त्याला ‘मायवान’ म्हणतात. अशा घरात भिंत पातळ दिसली तरी ती ओझं पेलणारी असते. तिच्यात वायरीसाठी खाच मारणंसुद्धा गुन्ह्यासारखंच मानावं, कारण खाच मारताना आतली सळई कापली जाते. एकच वाक्य, ‘ही भिंत काढून टाकू’, या तीन इमारतींत तीन वेगळे अर्थ घेऊन येतं. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती हातोडा देऊ नये. आणि ज्याला माहीत आहे तो डिझायनरही अशा वेळी स्वतः निर्णय देत नाही. तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावतो, त्याचं लेखी मत घेतो, सोसायटीची आणि गरज असेल तिथे महापालिकेची परवानगी घ्यायला लावतो. ‘त्याची काही गरज नाही’ असं जो म्हणेल त्याला नमस्कार करून निरोप द्यावा. नव्या घरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षं संरचनेतल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते. त्या काळात तुम्ही भिंती फोडल्यात, तर उद्या तडा गेल्यावर बिल्डर आधी तुमच्याकडेच बोट दाखवणार.

मावशीची भिंत राहिली. तिच्या ऐवजी काय झालं ते पुढे सांगते.

पाण्याचा धडा मावशीने आधीच एकदा घेतला होता. काही वर्षांपूर्वी तिने एका सजावटवाल्याकडून बाथरूमच्या फरशा बदलून घेतल्या. फरशा सुरेख होत्या, फिकट समुद्री रंगाच्या. पहिल्या पावसाळ्याआधीच खालच्या काकांच्या छतावर ओल दिसायला लागली. बाथरूमच्या फरशीखाली पाणी अडवणारा थर असतो, वॉटरप्रूफिंगचा. जुनी फरशी उखडताना छिन्नीने तो फुटला होता आणि नवी फरशी तशीच वर बसवली होती. उताराकडेही कुणी पाहिलं नव्हतं. पाणी न्हाणी ट्रॅपकडे जायचं सोडून दाराच्या कोपऱ्यात साचायचं. अख्ख्या देशात प्लंबर ज्याला न्हाणी ट्रॅप म्हणतात तो आपल्याच न्हाणीचं नाव सांगतो, आणि बाथरूमची सगळी फरशी त्या एका जाळीला शरण गेलेली असावी लागते. या खेपेला थर नव्याने घातल्यावर फरशी बसवण्याआधी ट्रॅपचं तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवलं. दोन दिवस. डिझायनर बाई रोज खालच्या काकांकडे जाऊन छताला हात लावून बघायच्या. हात कोरडा आला तेव्हाच फरशीचं काम सुरू झालं. या दोन दिवसांचे पैसे बिलात वेगळे दिसत नाहीत. मला विचाराल तर त्यांच्या फीची खरी किंमत तिथेच होती.

विजेचं गणित अगदी शाळेतलं आहे, तरी ते बहुतेक घरांत केलेलं नसतं. 2000 वॉटची इंडक्शन शेगडी 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर खेचते. जुन्या घरांत ओट्यावर जो छोटा पॉइंट असतो तो 5-6 अँपिअरचा, मिक्सरपुरता. शेगडी, मायक्रोवेव्ह, वॉटर प्युरिफायर, सगळं एका मल्टिप्लगवर लटकवलं की आतली बारीक वायर तापते, आणि वायर भिंतीत असल्यामुळे ते दिसत नाही. डिझायनरने आधी मावशीला विचारलं, की ओट्यावर काय काय चालतं, एकाच वेळी काय चालतं. मग 16 अँपिअरचे पॉइंट किती, वायर किती जाडीची, कुठल्या पॉइंटला वेगळा एमसीबी, शॉक बसू नये म्हणून आरसीसीबी कुठे, हे सगळं विजेच्या नकाशावर आलं, आणि वायरमनने तो नकाशा भिंतीवर चिकटवून काम केलं.

आणि ओटा. त्या दुपारी डिझायनर बाई आल्या तेव्हा मावशी भाकरी करत होती. ती पाटावरून उतरून चहा टाकायला निघाली तर बाई म्हणाल्या, “काकू, थांबू नका. करा तुम्ही. मला बघायचंय.” त्यांनी टेप काढली आणि मावशी खाली जमिनीवर उभी असताना तिच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजली. 37 इंच. मग समजावून सांगितलं. चिरायला, मळायला, थापायला हात कोपराच्या खाली चार-पाच इंच असावे लागतात, म्हणजे ओटा 32-33 इंचांचा हवा. शिवाय आपल्याकडे गॅसची शेगडी ओट्याच्या वर ठेवतात. शेगडीचे चार इंच, कढईच्या काठाचे आणखी तीन. 34 इंचांच्या ओट्यावर मावशीला फोडणी जवळजवळ छातीच्या उंचीवर हलवावी लागत होती. खांदे दुखतात म्हणून ती इतकी वर्षं वयाला बोल लावत होती. नवा ओटा दोन उंचींचा झाला. कामाचा भाग 32 इंचांवर आणि शेगडीखालचा 29 वर. सिंक मात्र उलट थोडं वर घेतलं, कारण भांडी घासताना हात सिंकच्या तळापर्यंत खाली जातात आणि कंबर वाकते. हे सगळं एका टेपने आणि एका प्रश्नाने झालं. त्या मापाच्या दिवशी मावशी काही बोलली नाही, पण मला तिचा चेहरा आठवतो. तिच्या स्वयंपाकघरात तिचं माप पहिल्यांदाच कुणीतरी घेतलं होतं.

एवढं वाचून डेकोरेटर म्हणजे दुय्यम, असं कुणी समजेल तर ती माझ्या लिहिण्यातली चूक ठरेल. वहीतले अकरा खिळे अजून बाकी होते. त्यासाठी मावशीने दादरच्या एका डेकोरेटर काकांना बोलावलं, पहिल्या कार्डवाल्याला नव्हे. ते कापडाचे पंधरा-वीस तुकडे घेऊन आले आणि एकही तुकडा हातात धरून दाखवेनात. त्यांनी सगळे खिडकीला टाचण्यांनी टाचले आणि म्हणाले, आता सकाळी बघा, चार वाजता बघा आणि रात्री दिवा लावून बघा. दुकानात आवडलेला मोरपंखी संध्याकाळी पांढऱ्या ट्यूबलाइटखाली मेलेला दिसायला लागला. त्यांनी हॉलमधले पांढरे, 6500 केल्विनचे दिवे काढायला लावले आणि 3000 केल्विनचे पिवळसर बसवले. त्याच भिंती, तेच सामान, पण घर निवांत वाटू लागलं. पडद्याला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट कापड लागतं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा चादरीसारखा सपाट लटकतो. कापडाचा पन्हा किती त्यावर जोड किती येणार ते ठरतं. ठाण्याच्या दमट हवेत मखमल नको, पावसाळ्यात वास धरते. हे सगळं त्यांना बोटांवर पाठ होतं. आणि भिंत न पाडताही हॉल मोठा करून दाखवला तो त्यांनीच. स्वयंपाकघराच्या दाराची झडप काढली, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना एकच फिकट रंग दिला, जड शोकेस हलवून तिच्यामागे दडलेली खिडकी मोकळी केली. इतकी वर्षं तिथे खिडकी आहे हे आम्ही विसरलो होतो. डिझायनर बाईंनीही मोकळेपणाने कबूल केलं, की कापडातलं मला एवढं कळत नाही. दोघांना एकदा समोरासमोर बसवून कुणाचं काम कुठे संपतं ते ठरवून घ्यावं, एवढी काळजी मात्र हवी. रंगारी आधी आणि सुतार नंतर आला तर रंग पुन्हा द्यावा लागतो.

पैशाचं बोलणं आपल्याकडे अवघडल्यासारखं होतं, म्हणून स्पष्ट लिहिते. डिझायनरची फी एकूण खर्चाच्या टक्केवारीत असेल तर खर्च वाढला की फीही वाढते. काम नीट ठरलेलं असेल तर ठोक रक्कम किंवा चौरस फुटाचा दर बरा. डेकोरेटर बरेचदा वेगळी फी घेत नाहीत. त्यांची कमाई कापडात, सामानात धरलेली असते. त्यात वाईट काही नाही, पण ती किती हे उघड असावं. मॉड्युलर किचनच्या दुकानातलं ‘मोफत डिझाइन’ही तसंच, त्याचे पैसे कपाटांच्या दरात असतात, आणि तिथला माणूस तुम्हाला ओटा बदलू नका, जुनंच ठेवा, असं सहसा सांगणार नाही.

दोघांपैकी कुणालाही घ्या, पण कागद मागा. कोटेशनमध्ये ‘उत्तम प्रतीचा प्लाय’ असं लिहिलेलं असेल तर त्या शब्दांना काही किंमत नाही. सिंकखालच्या कपाटाला ‘19 मिमी, आयएस 710’ असं लिहून घ्या. तो मरीन प्लायवूडच्या भारतीय मानकाचा क्रमांक आहे. त्या प्लायचा सांधा 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. छिन्नीचं काम असेल तर नकाशे मागा: जमिनीचा, प्रत्येक भिंतीचा समोरून, विजेचा, पाण्याचा. संगणकावरचं चकचकीत रंगीत चित्र हा नकाशा नव्हे. त्यावर माप नसतं, आणि सुताराला माप लागतं. अशा वेळी ‘नकाशा कशाला, मी साइटवर उभा राहून सांगतो ना’ हे उत्तर आलं, तर समोरचा माणूस डेकोरेटर आहे असं खुशाल समजावं, कार्डावर काहीही छापलेलं असो.

मावशीच्या घरात भिंतीच्या खाचा प्लॅस्टरने बुजवायच्या आदल्या दिवशी डिझायनर बाईंनी प्रत्येक भिंतीचे फोटो काढले होते. भिंतीला उभी-आडवी टेप लावून, म्हणजे कुठली वायर जमिनीपासून किती इंचांवर आहे ते फोटोतच वाचता येईल. त्या फोटोंच्या छापील प्रती मावशीने सोसायटीच्या कागदांच्या फाइलमध्ये लावल्या आहेत. परवा तिला बेसिनच्या वर आरसा टांगायचा होता. पाट ओट्यापाशी आता लागत नाही, तो तिने बाहेर आणला, फाइल उघडून ती भिंत शोधली, पाइप कुठून गेलाय ते पेन्सिलीने भिंतीवर आखलं, पाटावर चढली आणि रेघेपासून चांगला वीतभर लांब खिळा ठोकला.